लाल कुलूप आणि मामांचा ढवळ्या

मित्रांनो, मी कागद कारखान्यातला एक जुना ढवळ्या आहे. बैल नव्हे हो! लगद्याच्या हौदात आडवा बसवलेला जाड दांडा आणि टोकाला तीन पोलादी पाती, एवढाच माझा देह. लगद्याच्या गाठी होऊ नयेत म्हणून मी त्याला अखंड ढवळत असतो.

बावीस वर्षे मला मामांनी चालवले. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर. "माझ्या ढवळ्यासारखं कुणी घुसळून दाखवावं," असे ते पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुलून जाई.

मग यंत्रांच्या दुरुस्तीसाठी फिटरताई आल्या. त्या रोज लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या बेअरिंगला टेकवत, मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकत आणि वहीत काहीतरी खरडत. त्याच सुमारास कागदात गाठी दिसू लागल्या. मामांच्या मनात पाल चुकचुकली.

"ही आल्यापासूनच गाठी कशा?" ते माझ्याशी पुटपुटले. "तुला भंगारात काढायचा घाट घातलाय हिने."

मला ते पटले. हल्ली माझा दांडा सारखा थरथरे. ती थरथर ताईंच्या धास्तीचीच, असे मी धरून चाललो. त्या हसल्या तरी मला त्यात डाव दिसे.

एकदा मामा अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. ताईंनी मला थांबवून हौद रिकामा करवला. कुणी मला चालू करू नये म्हणून स्विचला लाल कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि हातोडी घेऊन त्या माझ्या पात्यांखाली उतरल्या. हौदाच्या दाराशी राखणीला उभा असलेला वेल्डर मोठा दिवा आणायला गेला, आणि तेवढ्यात मामा आले.

ते दार स्विचच्या पलीकडच्या बाजूला. मामांना दिसले ते फक्त कुलूप.

"मी नाही असं बघून डाव साधला!" असे म्हणत त्यांनी करवत आणली आणि कुलपावर चालवली.

मित्रांनो, क्षणभर मला आनंद झाला. मग अंगावर काटा आला. ताई माझ्या पात्यांखाली वाकल्या होत्या. मला ओरडता येत नाही. बटण दाबले की मी फिरणारच.

कुलूप तुटून खाली पडले. मामांचे बोट बटणाकडे गेले.

टण्. टण्. थड्.

ताईंनी माझी पाती एकेक करून ठोकून पाहिली होती. मामांचा हात हवेतच राहिला. "आत कोण आहे?" त्यांचा आवाज फाटला.

"मी आहे, मामा! तिसरं पातं मुळाशी चिरलंय. म्हणूनच थरथरतोय हा, म्हणूनच गाठी. आजच दुरुस्त केलं तर वाचेल."

मामांनी खाली पडलेले कुलूप उचलले. ताई बाहेर आल्या, तेव्हा मामांनी ते पुढे केले. "मी हे कापलं, पोरी. मला वाटलं..."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. कुलूप हातात घेत त्या म्हणाल्या, "संशय घ्या, मामा. पण आधी हाक मारा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी करा, आमची कुरकुर ऐका. आणि आमच्यावर कुलूप दिसले, तर आत कोण आहे ते विचारा. आम्हाला ते सांगता येत नाही.