जत्रेआधीची कापणी

टच्!

लेकीचा, कोतोनेचा, दुपारी कसाबसा डोळा लागला होता, घर चिडीचूप होतं, आणि खिडकीत ठेवलेली सोयाबीनची शेंग आपोआप तडकली. दाणा उडून थेट भांड्यांत पडला. हानाए उठून खिडकीशी आली. घरात ही गत, तर शेतात काय चाललं असेल?

शेंग तिच्या हळव्या, लवकर पिकणाऱ्या वाणाची होती. सासूबाईंचं, तोमेबाईंचं, बी गरवं, उशिरा पिकणारं. त्यांच्या आईनं लग्नात ओटीत घातलेलं. पण या तोकाची मुलखाची थंडी कुणाची वाट बघते? दव गोठायला लागलं तरी दाणे हिरवेच. म्हणून हानाएनं हट्टानं एक पट्टा हळव्या बियाचा पेरला.

“पेर बाई,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “भरला दाणा घरात आला तर यंदा मिसोचं आंबवण तुझ्या सोयाबीनचं आणि पुढच्या साली सगळं रान तुझं. नाही आला, तर पुन्हा नाव काढायचं नाही.”

आणि हानाए बाईसाहेब पीक पिवळं पडलं तरी थांबल्या! कारण काय, तर देवाची पालखी गावातून फिरल्याशिवाय इथे कुणी सोयाबीनला विळा लावत नाही. बियाला कुठे ठाऊक जत्रा उद्या आहे ते!

“आई, मी उद्या पहाटेच कापते. दव असेपर्यंत शेंगा फुटायच्या नाहीत.”

“जत्रेच्या दिवशी? लोक तोंडात शेण घालतील.”

“घालू देत. शेंगा फुटल्या तर तुम्ही घालालच की!”

“जीभ बघा हिची,” सासूबाई पुटपुटल्या, पण ओठ मुडपून, हसू दाबत.

पहाटे नवरा पालखीला खांदा द्यायला गेला आणि हानाए लेकीला घेऊन रानात. गारठ्यानं बोटं वाकेनात. शेजारचा यासुजी नवा अंगरखा घालून बांधावरून चालला होता.

“काय वहिनी, देवाच्या आधी आपलंच ताट वाढून घेतलंत?”

“देव समजूतदार आहेत, भाऊजी. तुम्ही व्हा पुढे!”

तो हसत गेला. तेवढ्यात मागून आवाज आला, “अगं, हिसके देऊ नकोस! अर्धं पीक चिमण्यांना वाटतेस का?” सासूबाई. हातात स्वतःचा विळा.

मग दोघी वाकल्या. ऊन चढायच्या आत पट्टा कापून, रचून झाला. चारदोन शेंगा सांडल्या, तेवढ्याच. सासूबाईंनी एक शेंग सोलली आणि दाणा दाढेखाली धरला. कट्.

“भरलाय,” त्या म्हणाल्या. शेजारच्या आपल्या हिरव्यागार रानाकडे त्यांनी एकदा पाहिलं. “पुढच्या साली तुझंच बी पेरू. बोलले ते बोलले.”

हानाएला उडी मारावीशी वाटली. सासूबाई मात्र विळा पुसत बसल्या, पुसून झाला तरी पुसतच. कोतोनेनं आईची बाही ओढली.

“आई, मग आजीच्या आईचं बी कुठे राहणार?”