खांद्यावरची मुलगी

आईने चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, लिफ्टचं दार बंद झालं आणि बघते तर समोर बाबा! भिंतीवर. पोस्टरवर. हा एवढा मोठा. खांद्यावर एक मुलगी बसलेली, आणि ऐका हं, ती मुलगी मी नव्हते!

नऊ वर्षांची होते मी. अचानक दाढ दुखायला लागली म्हणून आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे चाललो होतो. गाल टम्म सुजलेला, पण पोस्टर बघितलं आणि दुखणं कुठल्या कुठे पळालं. बाबा हसत होता, कंपनीचा कडक इस्त्रीचा गणवेश घालून, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘आधी घर, मग काम. आमची माणसं अशीच आहेत.’

तुम्हाला हे किती विनोदी आहे ते कळायचं नाही, कारण तुम्ही बाबाला ओळखत नाही. बाबा लिफ्ट मेकॅनिक. कुठेही लिफ्ट अडकली की आमच्या घरी फोन. ताटावरून उठायचा, आंघोळीतून अर्धवट निघायचा. मला गोष्ट सांगत असायचा, राक्षस अगदी दारात आलेला असायचा, की वाजला फोन! माझ्या किती गोष्टींमधले राक्षस अजून दारातच उभे आहेत, सांगू?

तर त्याच्या दोन महिने आधी माझी पोहण्याची शर्यत होती. पहिलीच. पन्नास मीटर. बाबाने शब्द दिलेला.

“तू पोहत आलीस, डोकं वर काढलंस, की समोर मी. टॉवेल उघडून उभा!”

“नक्की? फोन आला तर?”

“हे बघ, तुझा टॉवेल माझ्याच पिशवीत टाकला. आता तर यावंच लागेल ना मला, बेडके?”

तो मला बेडकी म्हणायचा. टॉवेल पिवळा होता, त्यावर बदक, आणि एका कोपऱ्याला आईच्या हातून इस्त्री लागून झालेला तपकिरी डाग. तो टॉवेल हत्यारांच्या पिशवीत कोंबून सकाळी गेला, म्हणाला, एकच काम आहे, उरकून थेट तलावावर येतो.

मी भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं. समोर सगळ्यांचे बाबा. सगळ्यांचे टॉवेल. चौथी आले होते मी, पण सांगणार कोणाला? आई मागे लांब बाकावर होती, तिला यायला वेळ लागला. तोपर्यंत मी काठावर दात वाजवत उभी, शेवटी सरांनी त्यांचं जॅकेट दिलं.

संध्याकाळी बाबा आला. टॉवेल कोरडा, घडी घातलेला.

“एक आजी अडकल्या होत्या गं लिफ्टमध्ये. एकट्या. रडत होत्या. कसं सोडून येणार?”

आणि मी विरघळले ना! उलट विचारलं, आजी बऱ्या आहेत का? चित्र काढलं त्यांच्यासाठी, लिफ्टचं, आणि बाबाला म्हटलं, त्यांना दे. त्याने ते घेतलं. नीट घडी करून खिशात ठेवलं. चित्र घेतलं त्याने!

तर आता पुन्हा त्या पोस्टरकडे या. मुलीच्या गळ्यात टॉवेल होता. पिवळा. बदकाचा. कोपऱ्यात तपकिरी डाग.

मी आईकडे बघितलं. आई पोस्टरकडे बघत होती. “चौथा आला,” एवढंच म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला तिने बाबाला वाढलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “अहो, त्या दिवशी लिफ्टमध्ये कोण अडकलं होतं?”

“कोणत्या? हां, ती म्हातारी बाई.”

“टॉवेल गुंडाळून अडकली होती का?”

बाबाने हातातला घास परत ताटात ठेवला.

मग सगळं बाहेर आलं. साहेबांनी ऐन वेळी बोलावलं होतं, तासाभराचं फोटोचं काम आहे म्हणून. मुलगी त्यांनीच ठरवून आणलेली. पिशवीतला टॉवेल फोटोवाल्याने बघितला, त्याला आवडला.

“साहेब म्हणाले, एवढं कर, पोस्टर लागले की तुझे सगळे शनिवार मोकळे. मी म्हटलं, एक शनिवार जाईल, पण पुढचे सगळे आपले होतील.”

“आणि पोस्टर लावले कोणी?”

“मीच,” बाबा म्हणाला. “आपण जातो त्या लिफ्ट सोडून लावले. हिची दाढ दुखेल हे मला काय माहीत?”

आईला हसू आलं, खरंच आलं, आणि मग ती उठून आत गेली. बाहेर आली ती टॉवेल घेऊन. तो तिने त्याच्या हत्यारांच्या पिशवीत टाकला. “हा राहू दे आता तुमच्याकडेच.”

शनिवार? मिळाले ना. दोन. पहिल्या शनिवारी बाबा पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसून होता, दुसऱ्या शनिवारी आम्ही पत्ते खेळलो. तिसऱ्या शनिवारी फोन वाजला. साहेब बदलले होते. नवे म्हणाले, लेखी काही आहे का? त्याच्याकडे काय होतं? पोस्टर होतं.

पुढची शर्यत कधी आहे हे मी त्याला सांगितलंच नाही. त्यानेही विचारलं नाही.

आता गेल्या महिन्यातलं ऐका. बाबा निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी म्हणाला, चल माझ्याबरोबर, बिल्डिंगा फिरून चाव्या परत द्यायच्यात. गेले. दातांच्या डॉक्टरांच्या बिल्डिंगमध्ये पोस्टर अजून तिथेच! रंग उडालेला, मुलीचा चेहरा पांढरा पडलेला. आमच्यामागून एक काका लिफ्टमध्ये शिरले, हातात भाजीची पिशवी.

“काय मिस्त्री, आज शेवटचा दिवस म्हणे?” मग माझ्याकडे बघून, “ही तीच ना, खांद्यावरची?”

मी बाबाकडे बघितलं. एका शब्दाचं तर काम होतं.

“हो, तीच,” बाबा म्हणाला. “मोठी झाली बघता बघता.”

एवढं सहज! अडखळला नाही, काही नाही. म्हणजे हे तो पहिल्यांदा म्हणत नव्हता. तेरा वर्षं, लिफ्टलिफ्टमध्ये, कोणी विचारलं की हेच.

“नशीबवान आहेस गं,” काका मला म्हणाले. “असे वडील कुठे मिळतात!”

आणि मी काय केलं असेल? हसले. म्हटलं, “हो ना, काका.”

काका दुसऱ्या मजल्यावर उतरले. दार बंद झालं. बाबाने माझ्याकडे न बघता पिशवीतून एक फडकं काढलं आणि बटणं पुसायला लागला. तेलाने काळं झालेलं फडकं, बदक कधीच गेलेलं, फक्त कोपऱ्यातला डाग तेवढा ओळखू येत होता. एक एक करून त्याने सगळी बटणं पुसली, मग पुन्हा पहिल्यापासून. दाबलं एकही नाही. लिफ्ट दार लावून तिथल्या तिथे उभी होती, आणि तो पुसत होता.