आठवी कुपी

वैद्यावर विश्वास ठेवला की निम्मं दुखणं जागच्या जागी बरं होतं, असं पोलादपूरकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. उरलेल्या निम्म्यासाठी मालोजी महाडच्या दवाखान्यात पहाऱ्याला बसले होते.

नातू रितेश नऊ वर्षांचा. त्याचं रक्त वाहू लागलं की गोठायचं नाव घेत नाही, दोष जन्माचा. त्यात अपेंडिक्स सुजलं. डॉक्टर म्हणाले, आधी रक्त गोठवणारं इंजेक्शन, मग चीर, आणि पुढे आठवडाभर दर आठ तासांनी तेच इंजेक्शन. एक जरी चुकलं तरी पोटात आतल्या आत रक्त सुटेल.

ऑपरेशन नीट पार पडलं. इतकं नीट कसं, असा मालोजींना पहिला संशय तिथेच आला. त्यात औषध सरकारी, फुकट. फुकटची वस्तू ज्याची त्याला पोचलेली मालोजींनी साठ वर्षांत पाहिली नव्हती. तेव्हा कुप्या बाहेर विकत असणार आणि पोराला पाणी टोचत असणार, हे उघडच होतं.

म्हणून प्रत्येक रिकामी कुपी ते मागून घेत आणि जेवणाच्या डब्यात ठेवत.

"आजोबा, लोणचं घालताय का कुप्यांचं?" अक्षदा सिस्टरनं विचारलं.

"पुरावा हाय तो."

"माझ्यावर संशय?"

"तुझ्या एकटीवर नाय गो. सगळ्यांवर हाय."

तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सात कुप्या झाल्या. आठवी दुपारी दोनची. दोन वाजता सिस्टरांची पाळी बदलली. अडीच झाले तरी कोणी फिरकेना.

"येतील हो, मामंजी," सून म्हणाली.

"कशाला येतील? इकली! माझ्या डोळ्यादेखत इकली!" मालोजी व्हरांड्यात जाऊन असे ओरडले की बाळंतिणींच्या वॉर्डातले नातेवाईकही बघायला आले.

डॉक्टर धावत आले. कागद पाहिला; दोनचा रकाना कोरा. गेलेल्या पाळीला वाटलं आलेली देईल, आलेलीला वाटलं गेलेलीनं दिलं. पावणेतीनला इंजेक्शन टोचलं. पोट मऊ होतं, पट्टी कोरडी होती; आत रक्त सुटलं नव्हतं.

"आजोबा, तुमच्यामुळे पोरगा वाचला," डॉक्टर हात जोडून म्हणाले.

"बघितलंस?" मालोजी सुनेच्या कानात म्हणाले, "पाया पडायला लागला. मुरलेला हाय."

कुपी कोणी विकली नव्हती. पावणेतीनपर्यंत ती फ्रीजमध्येच होती, रितेशच्या नावाची चिठ्ठी लावून.