अंबाबाईंना बुवा दाखवणारी लेन्स

मी एक जुनी झूम लेन्स आहे, मित्रांनो. जन्म जपानचा. साध्या कॅमेऱ्यासोबत जोडीला मिळणारी, म्हणून महागड्या लेन्सा माझ्याकडे पाहून नाक मुरडत. पहिल्या मालकाने मला नागपूरच्या एका दुकानात विकून टाकलं.

१९८६ साली सौंसरचे फोटोवाले विनायकराव तिथे आले. त्यांनी मला उजेडाकडे धरून निरखलं.

"आत धूळ हाय ना, भाऊ!"

"फोटोत नाही येत. पण कमी उजेडात ही मार खाते, आधीच सांगतो."

"चालते. मले जागेवरून न उठता दूरचं जवळ पाह्यजे."

त्याला कारण होतं. रामाकोन्याचे यशवंतबुवा यंदाच्या काल्यानंतर कीर्तन थांबवणार होते. त्यांच्या पत्नी अंबाबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. त्या विनायकरावांना म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षं काल्याच्या दिवशी मी मागं चुलीपाशीच, बाप्पा. आवाज आयकला, पण गाताना त्याईचं तोंड कसं दिसते, मले ठाऊकच नाही."

मागच्या वर्षी विनायकराव फ्लॅश घेऊन पुढे गेले, तेव्हा बुवांनी कीर्तन थांबवून विचारलं होतं, "विनायका, देवाले पाठ दाखवून माहा फोटो काढून राहिला काय?" सगळा मंडप हसला होता.

म्हणून यंदा ते खांबाशी बसले, फ्लॅशशिवाय. सभामंडपात उजेड बेताचा, बुवा रंगात येऊन नाचत होते. मी धास्तावले, माझ्यात नुसती धूसर सावली उतरली असती. पण विनायकराव लहानपणापासूनचे कीर्तनवेडे, बुवा कधी थांबतात हे त्यांना ठाऊक. तासभर त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. मग गजर झाला. टाळ-मृदंग कडाडले आणि बुवा हात जोडून, डोळे मिटून निश्चल उभे राहिले. विनायकरावांनी कोपर खांबाला टेकवलं, श्वास रोखला. कॅमेऱ्याचा खटका गजरात विरून गेला.

फोटो हातात घेऊन अंबाबाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"अगं माय! असे दिसते व्हय हे? भाजीत मीठ कमी पडल्यावर तर लय येगळं तोंड असते!"

दारातले बुवा लाजून अंगणात गेले. सुनेने फोटो देव्हाऱ्याकडे नेला, तशा त्या म्हणाल्या, "तिथं नको, पोरी. इथं भिंतीले लाव. मले पडल्यापडल्या दिसला पाह्यजे."

मित्रांनो, महागड्या लेन्सांनी मोठमोठे लोक टिपले असतील. मी अंबाबाईंना त्यांचे बुवा दाखवले! आता माझ्या काचेला बुरशी धरू लागली आहे. मला डब्यात कोंडू नका, अधूनमधून ऊन दाखवा, काचेला बोट लावू नका. मला अजून पुष्कळ चेहरे पोहोचते करायचे आहेत.