पंक्तिप्रपंच

हरिश्चंद्राच्या पानमळ्याला कसलं दुखणं लागलं, ते शिरोड्यात कुणालाच कळेना. वेली पिवळ्या पडत आणि उपटून बघावं तर मुळांवर नुसत्या गाठी. शेतकी खात्याचे साहेब म्हणाले, "सूत्रकृमी. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मुळं पोखरतात." करंज झाला, निर्गुडी झाली, कशाकशानं गुण येईना. उरला काजऱ्याच्या पाल्याचा काढा. जहरच ते! मळ्यातून जाणारा पाट अख्ख्या वाडीचा, गुरं त्यातच तोंड घालणार. वाडीकरांनी बजावलं, साहेब हमी देतील तरच मळ्यात ओत, नाहीतर याद राख.

साहेबांनी रीत सांगितली. आजारी मळ्यातलीच माती रॉकेलच्या डब्यांत भरायची, वेली लावायच्या, दोन ओळी करायच्या. एकीला काढा, दुसरीला नुसतं पाणी. काढ्याची ओळ जगली आणि पाण्याची मेली, तर औषध खरं.

पाण्याची ओळ मरावी म्हणून हरिश्चंद्र देवाला नारळ बोलून बसला. काय वेळ आली बघा माणसावर! पण मेली कुठं? साहेब आले तेव्हा दोन्ही ओळी हिरव्यागार.

"नुसत्या पाण्यावरही वेली जगल्या. मग काढ्याचा गुण कशावरून? मी हमी देऊ शकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करून बघू."

"साहेब, पुढच्या वर्षी मळा कुठं राहतोय!"

पण साहेब निघून गेले. हरिश्चंद्र डोकं धरून दारापुढच्या खळ्यातच बसला. तेवढ्यात त्याची विधवा थोरली बहीण, अक्का, मागीलदारातून हळूच आली.

"हरी, रागवू नको हां. त्या दुसऱ्या ओळीक मीच घातलंय रे काढो. तुझ्या पाठीमागून, रोज."

"अक्का! कित्याक गो?"

"एकाक वाढूचा आणि दुसऱ्याक नुसता पाणी दाखवूचा, ह्यो पंक्तिप्रपंच माका बघवलो नाय."

नवरा गेल्यापासून अक्का सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खात आली होती. तिला काय बोलणार? साहेबांच्या मागे धावावं, तर घरच्या बाईची साक्ष कोण मानणार? कपाळ!

"म्हणजे औषध लागू पडला, अक्का," तो कसाबसा म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

अक्काला काही कळेना. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मगे रडतंस कित्याक? जगली मा सगळी!"