टाका न् टाका उसवला

मी शेगडीवरच्या भिंतीतला, धूर बाहेर फेकणारा पंखा बोलतोय. अंग तेलकट, आवाज घोगरा. पण मालकांचं कौतुक करायला तेवढा पुरे.

मालक शिंपी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्री आणि कापडाचे ढीग, मागे स्वयंपाकघर. बस्स, एवढंच घर. हात असा सफाईदार की शिवण शोधून सापडत नाही.

मागच्या थंडीत त्यांची धाकटी सर्दीने बेजार झाली. "माझ्या लेकीला वारा लागता कामा नये," म्हणत मालकांनी टेप काढली, माझं माप घेतलं आणि कापूस भरलेली दुहेरी कापडाची खोळ मला शिवून चढवली. खिडक्यांच्या फटींतही कातरणाच्या गुंडाळ्या ठासल्या. दुसऱ्या कुणाच्या हातून कुठेतरी फट राहिली असती. यांनी राहू दिली तर ना!

मग तळणाचा धूर, इस्त्रीची वाफ, कापडाची लव, सगळं आतच कोंडलं. काचा घामेजल्या, कपाटामागे बुरशी धरली. सर्दी गेली, पण धाकटीची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. औषध चालू होतं, तरी उतार पडेना. मालक आणखी कातरण ठासत राहिले. मी आतल्या आत चडफडत होतो.

एका सकाळी मालकीणबाईंनी ओल्या काचेवर बोट फिरवलं. "अहो, शाळेत ही बरी असते, घरी आली की धाप लागते. ही कोंडलेली हवाच तिला बाधतेय."

"अगं, पण गारठा?"

"शिंप्याच्या घरात अंगावर घालायला कपडे कमी आहेत का?"

मला वाटलं, मालक आता हट्टाला पेटणार. पण त्यांनी स्टूल ओढलं, कात्री घेतली आणि स्वतःच घातलेला टाका न् टाका उसवला. खाली उतरून लेकीला म्हणाले, "बाळा, चुकलं गं माझं." या एका वाक्यासाठी मी त्यांना मानतो.

आता शेगडी पेटली की मी सुरू, समोरची खिडकी चार बोटं उघडी. बुरशी घासून काढली. मालक कानटोपी घालून शिवतात, गारठलेली बोटं मधूनच काखेत धरतात, पण खिडकी लावत नाहीत. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद चिंध्यांत गुदमरत असेल, तर त्यालाही मोकळं करा हो.

काल धाकटी शाळेतून आली आणि कापडाच्या ढिगावरच झोपली. मालकांनी मशीन थांबवलं, मलाही बंद केलं आणि तिच्या छातीशी कान नेला. बराच वेळ ऐकत राहिले. शिट्टी नव्हती. मग डोळे पुसत उठले आणि त्यांनी माझं बटण दाबलं.