कापलेली पिन

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच स्वप्न पाहिलं आणि त्यात मला नेऊन बसवलं. राहतं घर विकून ही जुनी मोटरहोम घेतली. पलंग, शेगडी, बेसिन, सगळं चाकांवर. "जिथे सकाळ होईल ते आपलं गाव," म्हणाले. लवकरच इंजिनाने मान टाकली. तेव्हापासून आमची रोजची सकाळ धाकट्या दिरांच्या अंगणात होते.

वीजही त्यांच्याच घरातून घेतलेली. न्हाणीघराशेजारच्या जुन्या सॉकेटला भोकं दोन आणि आमच्या प्लगला पिना तीन. ह्यांनी तिसरी करवतीने कापून टाकली. "अर्थिंगची आहे. नुसती शोभेची असते," म्हणाले. आमच्या घरात उंटावरचे शहाणे एकच, आणि उंटही त्यांचाच.

मग अंगण ओलं असलं की खाली उभं राहून दाराच्या दांडीला हात लावताना झिणझिण्या येऊ लागल्या. मी म्हटलं, वायरमनला बोलवा. हे म्हणाले, "वायरमन आला की भावाला पिनेचं कळणार, आणि कळलं की तो वीज तोडणार. मग जायचं कुठे? त्यांच्या मागच्या खोलीत?"

मी वायरमनचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या घरात पंखा कधी लावायचा हेसुद्धा धाकटी जाऊ ठरवते. इथे निदान चहात साखर किती घालायची हे माझं मी ठरवत होते. त्या पत्र्याच्या डब्यात जीव गुदमरायचा, पण तो डबा माझा होता.

परवा भावजी पाइपने अंगण धूत होते. मी आत हीटरवर पाणी तापवत होते. गाडीवरही पाणी मारावं म्हणून ते अनवाणी आले, दार ओढून घ्यायला त्यांनी दांडी धरली आणि एकदम मागे फेकले गेले.

हे ताडकन उठले. पाय बाहेर टाकणार, तेवढ्यात मी मागून सदरा धरून ओढला. बटणं तुटली.

"सोड! माझा भाऊ पडलाय!"

"पाय चिखलात आणि हात दांडीला, की तुम्हीही भावजींच्या शेजारी! बसा खाली!"

हीटरचं बटण मी बंद केलं, पण फ्रिज घरघरतच होता, आणि दोष नक्की कशात आहे कुणाला ठाऊक? गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारली असती तर सुटलो असतो. पण माझे गुडघे आणि ह्यांची कंबर कधीच निवृत्त झालेत. दार सताड उघडं, आणि आम्ही दोघं आत अडकलेले.

भावजी कण्हत उठायला लागले आणि आधारासाठी गाडीकडेच हात करू लागले. तेवढ्यात जाऊ धावत आली.

"अहो, काय झालं? ताई, तुम्ही दोघं नुसते बघताय काय?"

"आधी प्लग काढ!"

"अहो, पण झालं काय ते..."

"पळ! प्लग उपट, मग हवं तेवढं भांड!"

तिच्या अंगणात राहून मी तिला कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग पळाली. फ्रिज थांबला.

जिवावरचं भावजींच्या हातावर निभावलं. मी पिनेचं सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला तयार राहिले. पण त्यांचे डोळेच भरून आले.

"वहिनी, चूक माझी. तुम्हाला असं बाहेर ठेवायलाच नको होतं. आजपासून मागची खोली तुमची. कायमची."

"सामान मी आत्ता हलवते," जाऊ म्हणाली. खरं सांगते, मनापासून म्हणाली. ह्यांनी तर भावाला मिठीच मारली.

ते भांडले असते तर मीही भांडले असते. मायेपुढे काय बोलणार?

"या ताई, उतरा," जाऊने हात पुढे केला. "आता करंट नाही."

"आले हं," म्हटलं, आणि आतून कडी लावून घेतली.